समुद्राचं टाइमटेबल

तेवीस वर्षं मी लाल गाडीत कंडक्टर होते, त्यामुळं टाइमटेबल कसं आखायचं हे मला कुणी शिकवू नये. कुठल्या फाट्यावर माणसं चढतात, कुठल्या घाटात वीस मिनिटं जादा धरायची, कुठल्या स्टँडवर ड्रायव्हर चहाच्या नावाखाली अर्धा तास खातो, सगळं माझ्या डोक्यात अजून ताजं आहे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी कुकरची शिट्टी झाली की माझा हात बेलच्या दोरीकडं जातो. म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, पप्पांना घेऊन कोकणात जाऊ. समुद्राच्या कडेकडेनं. घरासारखी गाडी भाड्यानं मिळते, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच रांधायचं," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन दोनशे पानी वही आणि महाराष्ट्राचा भिंतीवर लावायचा नकाशा घेऊन आले.

"अगं, मोबाईलमध्ये असतं सगळं," मुलगा म्हणाला.

"मोबाईलला घाट चढताना धाप लागत नाय. गाडीला लागते," मी म्हणाले, आणि नकाशा जेवायच्या टेबलावर पसरला. पुढचे पंधरा दिवस आम्ही खाली बसून जेवलो.

नुसती सहल असती तर मी एका बैठकीत आखून मोकळी झाले असते. पण आमच्या घरात सोमवार आणि गुरुवार हे दोन वार खिळ्यानं ठोकलेले आहेत. आमचे हे, म्हणजे माझे मालक, तीस वर्षं ट्रक चालवत होते. वाळूजच्या कारखान्यातला माल उरणच्या बंदरावर पोचवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. शेकडो फेऱ्या झाल्या असतील. "समुद्र पाहिला का हो?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाहिला की. क्रेनच्या मागं." पाय कधी ओला केला नाही. गेटपास, लोडिंग, वजनकाटा, आणि फिरा माघारी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी चार तास उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत, मशीनला जोडून बसायचं. रक्त बाहेर काढून धुऊन परत आत. डायलिसिस म्हणतात त्याला, पण आमच्या घरात त्याला 'पाळी' म्हणतात, नळाच्या पाण्याची असते तशी.

एक पाळी चुकली तर काय होतं ते मी पाहिलंय. एका पावसाळ्यात मशीन बंद पडलं म्हणून एकच दिवस उशीर झाला. हा एवढा धिप्पाड माणूस चार उशांना टेकून बसला होता, आडवं होता येत नव्हतं, श्वास घेताना छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. तेव्हापासून मी ठरवलं, जग इकडचं तिकडं होऊ दे, सोमवार म्हणजे सोमवार आणि गुरुवार म्हणजे गुरुवार.

आणि दुसरं, पाणी. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलंय. त्यात चहा आला, वरण आलं, गोळीवरचा घोटही आला. मी एक लिटरच्या बाटलीवर लाल नेलपेंटनं सहा रेघा ओढल्या. सहा रेघा म्हणजे सहा स्टॉप, मधे गाडी थांबणार नाही. ज्या माणसाच्या आवाजानं नाक्यावरची माणसं बाजूला व्हायची, तो आता पाण्याला हात लावायच्या आधी माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "किती पिऊ?" मी म्हणते, "दोन घोट." तोंडानं कडक म्हणते. आत काय तुटतं ते माझं मला ठाऊक.

तर नऊ दिवसांचं टाइमटेबल असं ठरलं. सोमवारची पाळी घरी करून मंगळवारी निघायचं. गुरुवारी अलिबाग. तिथल्या दवाखान्यात खुर्ची मिळाली, मी स्वतः फोनवर बोलून घेतली. मग मुरुड, श्रीवर्धन, दापोलीची बाजू, गुहागर, असं समुद्र उजव्या हाताला ठेवत खाली. मधे खाड्या आहेत, तिथं गाडीच होडीत चढवायची, तिला जंगलजेटी म्हणतात. प्रत्येक जेटीला मी एक तास जादा धरला. सोमवारी रत्नागिरीत पाळी. मंगळवारी परत फिरायचं, बुधवारी घर, गुरुवारी आपली खिडकी आणि आपली खुर्ची.

ह्यांनी वही घेतली, चष्मा लावला आणि कानावरची पेन्सिल काढली. बायकोनं आखलेला रस्ता तपासायला मिळणं हा ट्रक ड्रायव्हरसाठी सणच. "इथं उतार लई आहे, ह्या गाडीला नको. हितं डिझेल भरायचं, पुढं पंप नाय." पाच ठिकाणी खुणा केल्या. चार मला पटल्या, म्हणजे तीन पटल्या आणि एक मी मोठ्या मनानं मान्य केली. पाचवी खूण परतीच्या पानावर होती. मी लिहिलं होतं, रत्नागिरी, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, पुणे, घर. त्यांनी चिपळूणपुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'महाड'.

महाडला चवदार तळं आहे. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता आणि आमच्या माणसांना होता, तिथं जाऊन आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळातली माणसं ओंजळीनं पाणी प्याली, आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. दर मार्चला आमची माणसं गाड्या भरून तिथं जातात. मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा ड्यूटीवर, स्पेशल गाडी घेऊन. ह्यांचं कधीच जमलं नाही. मार्च म्हणजे कारखान्यांची वर्षअखेर, तेव्हा ट्रक उभा करून कोण सुट्टी देतो?

पण मी काय केलं? मी नकाशाकडं बघितलं. "अहो, त्या हायवेचं काम चालूय. दोन ठिकाणी जरी गाडी अडकली तरी बुधवार रस्त्यात जाईल. मग गुरुवारचं काय? नाय म्हणजे नाय."

"नाय तर नाय," ते म्हणाले. मुलाच्या जुन्या कंपासपेटीतलं खोडरबर आणलं आणि स्वतःच खोडलं. त्या जागी कागद जरा खरबरीत झाला. मी वही मिटली. तेवीस वर्षं पॅसेंजरला 'इथं थांबा नाही' म्हणायची सवय, ती काय अशी जाते?

पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीहून फोन आला. दवाखान्यातली सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "काकी, सोमवारच्या सगळ्या खुर्च्या भरल्यात हो. दोन पेशंट नवीन आले. आता कुणी आपली खुर्ची सोडली तरच."

मुलानं डोक्याला हात लावला. "संपलं. चार दिवसांचीच करू मग, अलिबाग करून परत."

"गप्प बस," मी म्हणाले. "नमनालाच घडाभर तेल जाळलंय मी. आता परत नाय."

विचार केला तेव्हा मला आमची गल्लीच आठवली. आमच्या नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं. मागच्या गल्लीचा वार वेगळा. कुणाकडं लग्न असलं, बाळंतीण असली, की आम्ही पाळी बदलून घेतो. म्हणजे आमच्या दिवशी पाइप त्यांच्या टाकीत, त्यांच्या दिवशी आमच्या. वर्षानुवर्षं चाललंय, कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी बुडवलेलंही नाही. मग पाण्याची पाळी बदलते तर मशीनची का बदलू नये? मी रत्नागिरीला फोन लावला. "सिस्टर, त्या दिवशी आमची इथली खुर्ची मोकळीच आहे. तुमच्याकडं कुणाला आमच्या शहरात काम आहे का, एवढं विचाराल?"

ती हसली. अहो, अशी अदलाबदल कुणी ऐकली नव्हती. पण दोन दिवसांनी एका बाईचा फोन आला. तिचे यजमान सोमवार-गुरुवारवाले, दाराजवळच्या खुर्चीतले. त्यांची मुलगी आमच्याच शहरात दिलेली. तिला मुलगा झाला, तो नऊ महिन्यांचा होऊन रांगायला लागला, तरी आजोबांनी त्याला मोबाईलवरच पाहिलेला. मशीन सोडून जाणार कसे? मुलीच्या सासरी दोन खोल्या आणि माणसं आठ.

"आमच्याच घरात राहा की," मी म्हणाले. बोलून गेले, मग विचार केला, मग वाटलं, बरोबरच बोलले.

"मग तुमची गाडी आमच्या परसात लावा," ती म्हणाली. "समुद्र पाच मिनिटांवर आहे हो."

"पाण्याचं काय?"

"कसलं पाणी?"

"पाणी हो! वापरायचं पाणी. किती दिवसांनी येतं?"

तिनं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग ती म्हणाली, "विहीर आहे ना काकी. काढलं की येतं."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "लोक असं म्हणतात. प्रत्यक्ष गेल्यावर कळतं."

दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांचे रिपोर्ट मागवले, रक्ताच्या चाचण्या झाल्या, आमच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघितलं आणि सही केली. सोमवारी रत्नागिरीचा माणूस आमच्या खिडकीजवळ आणि आमचा माणूस त्यांच्या दाराजवळ. झालं पक्कं.

गाडी वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तयार झालेली होती. जुनी टेंपोवाली मोठी गाडी, आतून पलंग, शेगडी, बेसिन, पडदे, आणि साठ लिटरची पाण्याची टाकी. साठ! मी मिस्त्रीला म्हणाले, "भाऊ, एवढ्यात तर आमची भांडी होतात."

मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला. "खाला, इत्ता पानी कायकू? समंदर कू जारे ना तुम?"

"समुद्रानं चहा होतो का?" मी विचारलं. मुद्दा त्याला पटला. पण टाकी बदलायला त्यानं साफ नकार दिला, नक्को म्हणजे नक्को. मग मी माझी सोय केली. आमच्या शहरातली बाई घराबाहेर पडताना एक वेळ दागिने विसरेल, पाणी विसरणार नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी मी रंगीत तालीम ठेवली. लासूर स्टेशनला माझी बहीण राहते, तिच्याकडं जेवायला जायचं आणि यायचं, म्हणजे गाडीचं काय ते कळेल. मुलगा चालवायला, हे त्याच्या शेजारी, मी मागं पलंगावर. शहर सुटलं तसं ह्यांनी मान वाकडी केली. दोन किलोमीटर गेलो. पुन्हा मान वाकडी.

"थांब," मुलाला म्हणाले. "गाडी मागनं बसलीय."

"नाही हो पप्पा, नवीन आहे म्हणून तुम्हाला..."

"तीस वर्षं मी काय झोपा काढल्या का? गाडी भरलीय. वळणावर मागचा भाग हलतोय आणि त्याच्या मागनं पाण्याचा आवाज येतोय."

मी खिडकीतून कपाशीकडं बघायला लागले. हे खाली उतरले, मागचं दार उघडलं, मला म्हणाले, "ऊठ." मी उठले. पलंगाची फळी उचलली तर खाली दोन मोठी पिंपं, वीस-वीस लिटरचे सहा कॅन, आणि कोपऱ्यात झाकण दोरीनं बांधलेली आमची पितळी घागर. घागर जरा जास्तच झाली, हे मलाही तेव्हा कळलं.

"आई!" मुलगा ओरडला. "ब्रेक तापले असते ना घाटात! अडीचशे-तीनशे लिटर आहे हे!"

"मग? नऊ दिवस आहेत!"

"कोकणात चाललोय आपण, वाळवंटात नाही!"

"तू गप रे! तुला काय माहीत, तुझ्या लंगोटाच्या वेळेस मी तीन-तीन मैलांवरनं..." मी सुरू झाले आणि मला थांबवणं सोपं नसतं. पण मधेच माझं लक्ष ह्यांच्याकडं गेलं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसत होते. पोट धरून हसत होते. किती दिवसांनी.

"तीनशे लिटर," ते म्हणाले, डोळे पुसत. "म्हणजे माझं तीनशे दिवसांचं झालं की गं."

मुलगा हसला नाही. मीही नाही. मी स्वतः एकेक कॅन उतरवून रस्त्याकडेच्या बाभळींना पाणी घातलं, आणि घागर बहिणीकडं ठेवली. साठ लिटरवर मी कोकणात निघाले. आमच्या गल्लीत हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी निघालो. टाइमटेबलप्रमाणं सहाला निघायचं होतं, पाच पन्नासला निघालो. गुरुवारी अलिबागची पाळी व्यवस्थित झाली. त्या संध्याकाळी ह्यांना समुद्रावर घेऊन गेलो. चपला हातात धरून ते वाळूत उभे राहिले, इकडं बघ, तिकडं बघ, कुणाला शोधत असल्यासारखे. मग एक लाट पायावर आली आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"काय झालं? चक्कर येते का?" मी घाबरले.

"नाय गं," ते म्हणाले. "हितं कुणी गेटपास मागत नाय."

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी सरळ सांगून टाकते. जेटीवर गाडी चढताना ह्यांनी मुलाला असे काही हातवारे करून 'येऊ दे, येऊ दे, बस' केलं, की होडीवाल्यानं त्यांना सलाम ठोकला. सुरमई मी गाडीतल्या शेगडीवर तळली. दुपारी उन्हात त्यांच्या ओठांना कोरड पडायची. मी बाटली दाखवायची, ते रेघ बघायचे, मला विचारायचे, "किती पिऊ?" आणि पलीकडं क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. एकदा मला त्या समुद्राचा असा राग आला की मी त्याच्याकडं पाठ करून बसले.

सोमवारी सकाळी रत्नागिरी. परसातली विहीर खरंच काठाला आली होती. मी वाकून तीनदा बघितली. हे दाराजवळच्या खुर्चीत बसले, नळ्या लावल्या, आणि मी बाहेर बाकावर बसून फोन लावला. तिकडं आमच्या खिडकीत कोण कसं आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. ती रत्नागिरीची बाई आमच्या दवाखान्यातून बोलत होती.

"काकी, ह्यांचं मशीन सुरू झालं. नातू इथंच दवाखान्याच्या दाराशी आहे आईच्या कडेवर. ह्यांनी काल त्याला मांडीवरून खालीच उतरवलं नाही. आणि काकी, तुमचं पाणी काल दुपारी आलं हो! तुम्ही लिहून ठेवलं होतं तसं सगळं भरून घेतलं. टाकी, पिंप, हंडे, बादल्या. मग वाटलं, उद्या नाही आलं तर? म्हणून तांबे, पातेली, वाट्यासुद्धा भरून ठेवल्यात. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"शाब्बास!" मी बाकावरून ओरडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. बघू देत. एका कोकणातल्या बाईला तीन दिवसांत आमच्या शहरची केली होती.

मग मी फोन आत नेला. दोन माणसं एकमेकांच्या खुर्चीतून एकमेकांशी बोलली. "तुमच्या खिडकीतनं कडुनिंब दिसतो," तिकडून आवाज आला. "लई जुना आहे तो," हे म्हणाले. "पोपट येतात का बघा." मग म्हणाले, "नातू कसा आहे?" बराच वेळ ऐकत राहिले. फोन परत देताना म्हणाले, "बरं केलंस तू हे." तीन वर्षांत मी केलेल्या कुठल्याच गोष्टीला ते असं म्हणाले नव्हते, आणि मला एकदम ती खोडलेली जागा आठवली.

मंगळवारी सकाळी आम्ही परत फिरलो. मी मागं पलंगावर, मांडीवर वही. परतीचं पान उघडलं होतं. 'चिपळूण'च्या पुढं तो खरबरीत ठिपका. बोट फिरवलं की लागत होता. मी मनात हिशेब मांडायला लागले. पाळी कालच झालीय, अंग हलकं आहे. हायवेवर तीन तास गेले तरी रात्रीचा मुक्काम घाटाच्या अलीकडं होईल. बुधवारी दिवस सगळा हातात आहे. गुरुवार कुठंही जात नाही. हा हिशेब मला महिन्याभरापूर्वी, घरी, नकाशावर करता आला नसता का? आला असता. दहा मिनिटांचं काम होतं. मी केलाच नाही, कारण मी दोनदा जाऊन आले होते. परक्या माणसाला नातू भेटावा म्हणून मी दोन दवाखाने हलवले, आणि माझ्या माणसानं तीस वर्षांत मागितलेला एक थांबा मी नकाशाकडं बघून नाकारला. मला माझी लाज वाटली. स्पष्ट सांगते, लाज वाटली.

चिपळूण आलं. उजवीकडं घाटाची पाटी दिसली आणि मुलानं इंडिकेटर दिला. मी हातातला स्टीलचा ग्लास चमच्यानं वाजवला. टण टण.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"डबल बेल ऐकू येत नाय का? सरळ घे. महाड."

हे मागं वळले नाहीत. समोरच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसले, तेवढंच.

हायवेवर अडकलोच. एका ठिकाणी पाऊण तास, दुसरीकडं त्याहून जास्त. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही, म्हणजे दोनदाच बघितलं. ऊन चढलं होतं. मी पुढं बाटली दिली, ते "नंतर" म्हणाले. तासाभरानं पुन्हा दिली, पुन्हा "नंतर". मला काळजी वाटायला लागली. बरं नाही का? मळमळतंय का? ते म्हणाले, "काय नाय. बरा आहे."

महाडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मार्चमधली गर्दी नव्हती. तळ्याच्या कडेला चार-दोन माणसं, एक फुलवाली, पायऱ्यांवर कॉलेजच्या दोन मुली. माझ्या आठवणीत तिथं नुसती डोकी होती आणि मी कडेला उभी राहून आपले पॅसेंजर मोजत होते. तळं असं शांत मी पहिल्यांदाच बघत होते. ह्यांनी चपला वर काढल्या. मुलगा हात द्यायला गेला, त्यांनी नको म्हटलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मी त्यांच्या मागं, हातात ती बाटली. तेव्हा माझं लक्ष गेलं. चिपळूणच्या अलीकडं पहिल्या रेघेपर्यंत प्यालेली बाटली अजून तिथंच होती. चिपळूणपासून त्यांनी घोटभरही घेतलं नव्हतं.

ते शेवटच्या पायरीवर बसले. दोन्ही हात पाण्यात घातले आणि तसेच ठेवले. मग ओंजळ भरून वर उचलली. माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं. उकळलेलं नाही, गाळलेलं नाही, डॉक्टरांना कळलं तर मला धारेवर धरतील. तोंड उघडलंही होतं मी.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली. ओंजळ तशीच धरलेली, बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. रोज बघतात तसंच माझ्याकडं बघितलं.

"किती पिऊ?" त्यांनी विचारलं.

मी बाटली पायरीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"इथं कुणाला विचारायचं नसतं हो," मी म्हणाले.

ते प्याले. मी मोजलं नाही.